गाणारी, नाचणारी, अभिनय करणारी गायिका आणि तिच्यासोबत फिरणारं नाट्यगृह

तुम्ही विचारलं आहे की मॅडोना, लेडी गागा, बियॉन्से यांच्या टूर बघताना कॉन्सर्ट कुठे संपते आणि नाटक कुठे सुरू होतं तेच कळत नाही. मग ही पद्धत आली कुठून, एवढं नाचून ती बाई खरंच गात असते का, आणि हा पसारा देशोदेशी फिरवतात कसा? शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या गटाला असाच, पण छोटा, गाण्यांचा नाट्यप्रयोग बसवून पुणे, मुंबई, नाशिकला करायचा आहे. मी नाटकांच्या दौऱ्यांवर साउंड सांभाळत या कामात आलो आणि पुढे मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांचं स्टेज मॅनेजमेंट करू लागलो. त्यामुळे उत्तर पडद्यामागच्या माणसाचं आहे, ते तसंच वाचा.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच दौऱ्यात सापडतात. ब्रिटिश गायिका केट बुश हिने 1979 साली केलेला ‘टूर ऑफ लाइफ’. मॅडोनाच्या स्टेडियममधल्या भव्य प्रयोगांपेक्षा तो फार लहान होता, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढे ज्या अडचणी पैशाने आणि यंत्रांनी सोडवल्या गेल्या, त्या इथे माणसांनी हाताने सोडवल्या होत्या, आणि म्हणून त्या आपल्याला नीट दिसतात.

नाट्यमय पॉप टूरची अगदी पहिली कल्पना तिची नव्हती. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने 1974 मध्ये ‘डायमंड डॉग्ज’ दौऱ्यात उत्तर अमेरिकेत एक अख्खं उद्ध्वस्त शहर रंगमंचावर उभं केलं होतं. पण दौरा अर्ध्यावर गेल्यावर त्याने तो सेट सोडून दिला आणि पुढचे कार्यक्रम साध्या स्टेजवर केले. सेट रोज उभा करायचा, रोज पाडायचा आणि त्यातून गायकाने ताजं राहायचं, हे गणित किती अवघड आहे ते त्या एका निर्णयातून कळतं.

केट बुशचं प्रकरण वेगळं होतं. 1978 मध्ये ‘वदरिंग हाइट्स’ हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा ती 19 वर्षांची होती. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन तिथवर पोचलेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षात दोन अल्बम आले. रेकॉर्ड कंपनीची नेहमीची अपेक्षा असते तशी तिच्याही दौऱ्याची वाट पाहिली जात होती. तिने मात्र मूकाभिनयाचे धडे घेतले होते, लिंडसे केंप या कलावंताकडे. बोवीही त्यांच्याकडेच शिकलेला. गाणं तिला घशापुरतं नको होतं, अंगभर हवं होतं. माइकच्या स्टँडसमोर उभं राहून गाणं तिला मान्यच नव्हतं.

आणि इथेच पहिली अडचण आली, हातांची. मूकाभिनयात हात हेच शब्द असतात. एका हातात माइक धरला की निम्मं बोलणं गेलं. स्टँडवर ठेवला तर पाय बांधले गेले. आपल्या संगीत नाटकातल्या नटांनी हे पिढ्यानपिढ्या सोसलं आहे: पद आलं की पुढे यायचं, खालच्या माइकच्या टप्प्यात उभं राहायचं आणि पद संपलं की पुन्हा प्रसंगात शिरायचं. केट बुशच्या दौऱ्यावरचा साउंड इंजिनिअर मार्टिन फिशर याने कपडे अडकवायच्या तारेच्या हँगरपासून डोक्याला बसणारा सांगाडा वाकवून तयार केला आणि त्याच्या टोकाला छोटा माइक बसवला. गाताना, नाचताना डोक्यावर घालायच्या वायरलेस माइकचा पॉप कॉन्सर्टमधला हा अगदी सुरुवातीचा वापर. हँगरच का, तर ती तार हाताने वाकते आणि वाकवल्यावर जागची हलत नाही. डोकं कितीही झटकलं तरी माइक आणि ओठ यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं पाहिजे, एवढीच अट होती आणि ती तार ती पाळत होती.

पण अंतर कायम राहिलं की साउंडवाल्याची झोप उडते, आणि ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. हातात माइक असलेली चांगली गायिका तार सप्तकात गेली की माइक आपोआप थोडा लांब नेते, कुजबुजीला जवळ आणते. म्हणजे अर्धं मिक्सिंग तिचा हातच करत असतो. डोक्यावरच्या माइकला हे जमत नाही. मग तो हात साउंडवाल्याला आपल्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्टीवर, आणावा लागतो. त्याला प्रत्येक गाण्यातली प्रत्येक उंच जागा पाठ असावी लागते आणि ती यायच्या क्षणभर आधी बोट खाली यावं लागतं. केट बुशच्या आवाजाची झेप ज्यांनी ऐकली आहे त्यांना कळेल की त्या माणसाने दोन-सव्वादोन तास काय केलं असेल. शिवाय तेव्हा कानात घालायचे मॉनिटर प्रचारात नव्हते. गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्पीकर स्टेजवर खाली ठेवलेले असत. माइक डोक्यावर घेऊन गायिका त्या स्पीकरसमोरून धावली की स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजण्याचा धोका पावलोपावली. कुठे वळायचं, कुठे नाही, हे नृत्य बसवतानाच साउंडवाल्याशी बोलून ठरवावं लागतं.

तुमच्या प्रयोगासाठी एवढं लक्षात ठेवा: गालाजवळचा माइक ओठांच्या बरोबर समोर आणू नका, कोपऱ्याला ठेवा, नाहीतर प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ला फटका बसेल आणि श्वास गाण्यापेक्षा मोठा ऐकू येईल. घाम उतरून माइकच्या तोंडावर साचला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो, म्हणून मेकअपवाल्याकडे टिपकागद आणि विंगेत दुसरा तयार माइक हवाच. ट्रान्समीटरचा खिसा आतल्या कपड्याला शिवून घ्या. वरचे कपडे कितीही बदलले तरी त्याला हात लागता कामा नये. बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या. त्यात काटकसर करू नका.

आता, ती खरंच गात होती का? हो. एका गाण्याचा अपवाद होता. ‘हॅमर हॉरर’ला तिने ध्वनिमुद्रित आवाज वापरला आणि स्वतः फक्त नाचली, कारण त्या नाचात गाण्यापुरता श्वास शिल्लक राहणं शक्य नव्हतं. मला हा निर्णय अतिशय प्रामाणिक वाटतो. रेकॉर्डिंगवर नुसते ओठ हलवणं आणि ‘इथे मी नाचते आहे’ असं उघड दाखवणं यांत खूप फरक आहे. बाकीच्या गाण्यांत जमलं ते नृत्यरचनेमुळे. अँथनी व्हॅन लास्ट हा लंडनच्या समकालीन नृत्याच्या जगातला नृत्यदिग्दर्शक तिच्यासोबत होता, आणि गाणाऱ्या माणसासाठी नाच बसवण्याचं शास्त्रच वेगळं आहे. लांब सूर असेल तिथे हालचाल हातांची आणि मानेची ठेवायची. उड्या, गिरक्या, जमिनीवरचं लोळणं वाद्यांच्या तुकड्यात टाकायचं. वाकलेल्या अंगाने उंच सूर कधीच लावायला सांगायचा नाही. सोबतचे दोन नर्तक तिला उचलून नेतात तेव्हा बघणाऱ्याला ते शृंगारिक किंवा भयानक वाटतं, पण त्याच वेळी तिला श्वास घ्यायला चार मात्रा मिळतात.

आजच्या मोठ्या टूरमध्ये चित्र मिश्र असतं. मुख्य आवाज पुष्कळदा प्रत्यक्ष असतो, त्याच्या खाली मागच्या आवाजांचे थर रेकॉर्ड केलेले असतात आणि अतिअवघड नाचाच्या जागी त्या थरांची पातळी वाढवली जाते. वादकांच्या कानात ठोका चालू असतो. त्याच घड्याळावर दिवे, पडद्यावरची चित्रं आणि आतषबाजी बांधलेली असते. त्यामुळे प्रयोग बिनचूक होतो, पण गायिकेला एखादी ओळ जास्त रेंगाळून म्हणावीशी वाटली तर जागा उरत नाही. मला हे नुकसान मोठं वाटतं. तुम्हाला शक्य असेल तर निम्मी गाणी तरी त्या ठोक्यापासून मोकळी ठेवा.

कपड्यांकडे येऊ. त्या प्रयोगात तीन अंक होते, 24 गाणी होती आणि केट बुश 17 वेळा कपडे बदलत होती. प्रेक्षकाला वाटतं की कपडे बदलणं हा सजावटीचा भाग. आमच्या दृष्टीने सगळ्या प्रयोगाची बांधणीच त्यावरून ठरते. ती विंगेत गेल्यावर स्टेजवर काय चाललं आहे, हा प्रश्न दर वेळी सोडवावा लागतो. त्यांनी त्यासाठी सायमन ड्रेक या जादूगाराला घेतलं होतं, तिचा एक भाऊ मध्ये कविता म्हणत असे, दुसरा भाऊ बँडमध्ये होता, पडद्यावर चित्रं येत. बघणाऱ्याला प्रयोग समृद्ध वाटत होता, आणि तो खरोखर समृद्ध होताही. पण त्यातल्या बऱ्याच समृद्धीचं मूळ ‘विंगेत बाई अजून बटणं लावते आहे’ या अडचणीत आहे. चांगला दिग्दर्शक अडचणीवर पडदा टाकत नाही, तिथे एक प्रवेश लिहितो.

हे वेळापत्रक कागदावर करू नका. कपडेपटवाली, मदतीला एक माणूस, अंधारी विंग आणि हातात स्टॉपवॉच अशी खरी तालीम करा. तालमीच्या हॉलमध्ये उजेडात जो बदल पटकन होतो, तो विंगेत टॉर्चच्या उजेडात, घामाने ओल्या अंगावर, जवळजवळ दुप्पट वेळ खातो. बटणं आणि हुक काढून वेल्क्रो किंवा चेन लावा. चपला नेहमी एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून ठेवा. आणि ही तालीम गायिकेच्या नेहमीच्या मैत्रिणीबरोबर नको, दौऱ्यावर जी खरोखर येणार आहे तिच्याबरोबरच करा.

दौरा 3 एप्रिल 1979 ला लिव्हरपूलला अधिकृतपणे सुरू झाला. ब्रिटनमधल्या शहरांनंतर लंडनच्या पॅलेडियममध्ये पाच रात्री, मग स्टॉकहोम, कोपनहेगन, हॅम्बर्ग, अॅमस्टरडॅम, पॅरिस वगैरे, आणि 14 मे ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये शेवट. साधारण सहा आठवडे. ब्रिटनमध्ये बहुतेक जागा जुन्या पद्धतीची नाट्यगृहं होती, म्हणजे पडदा, विंगा, वर दिवे आणि पडदे टांगायचे आडवे दांडे, म्हणजे बॅटन. युरोपात गेल्यावर जागेचा स्वभाव बदलतो. कुठे स्टेज रुंद पण उथळ, कुठे विंगाच नाहीत, कुठे वर काही टांगायची सोय नाही. नाटकाच्या दौऱ्यावर गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. शनिवारी एका नाट्यगृहात नीट बसलेला सेट रविवारी दुसरीकडे हातभर बाहेर येतो आणि एन्ट्रीच बंद होते.

यावर मोठ्या टूरनी काढलेला तोडगा असा की नेपथ्यासोबत जमीनसुद्धा घेऊन फिरायची. मायकल जॅक्सनचं उदाहरण घ्या, कारण त्याचा ‘हिस्टरी’ दौरा 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात आला होता आणि मुंबईकरांच्या अजून लक्षात आहे. सगळं अंग ताठ ठेवून पुढे झुकण्याची त्याची जी प्रसिद्ध हालचाल, तिच्यासाठी त्याने आणि त्याच्या दोन वेशभूषाकारांनी एक खास बूट तयार केला आणि 1993 मध्ये त्याचं अमेरिकेत पेटंट मिळवलं. बुटाच्या टाचेत खाच असते, योग्य क्षणी स्टेजच्या जमिनीतून एक खुंटी वर येते, टाच त्यात अडकते आणि शरीराचा भार ती खुंटी पेलते. आता ही खुंटी जगातल्या कुठल्या स्टेडियमच्या स्टेजमध्ये मिळणार? जमीन आपलीच हवी. तिचे तुकडे क्रमांक घालून ट्रकमध्ये भरायचे, प्रत्येक गावी त्याच क्रमाने जोडायचे, आणि गायकाच्या पायाला रोज तोच मजला, तोच उतार, तीच फट मिळाली पाहिजे. केट बुशच्या स्टेजवरही मध्ये उतरता रॅम्प होता. उतारावर नाचणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना तो कोन पाठ झालेला असतो. तो अंशभर जरी बदलला तरी पाय मुरगळतो. तुमच्या लेव्हल्स, म्हणजे स्टेजवरचे उंच चौथरे, भाड्याने प्रत्येक गावातून घेणार असाल तर कृपा करून नका घेऊ. दोनच लेव्हल न्या, पण त्याच न्या.

आता या दौऱ्यातली ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. लिव्हरपूलच्या आदल्या दिवशी, 2 एप्रिलला, इंग्लंडमधल्या पूल नावाच्या गावी सरावाचा म्हणून एक प्रयोग झाला. तो छान पार पडला. सामान भरलं गेलं, आणि काही राहिलं तर नाही ना हे बघायला बिल डफील्ड हा प्रकाशयोजनेतला तरुण शेवटची फेरी मारत होता. सभागृहात पुरेसा उजेड नव्हता. वरच्या भागात उघड्या राहिलेल्या जागेतून तो खाली काँक्रीटवर पडला आणि काही दिवसांनी गेला. 21 वर्षांचा होता. केट बुशने दौरा थांबवायचा विचार केला होता. मग तो पुढे न्यायचं ठरलं, आणि 12 मे ला हॅमरस्मिथला त्याच्या कुटुंबासाठी खास कार्यक्रम झाला. डफील्डने ज्यांच्यासाठी पूर्वी काम केलं होतं ते गायक पीटर गेब्रियल आणि स्टीव्ह हार्ली तिच्यासोबत गायले. पुढच्या अल्बममध्ये तिने त्याच्या नावाने एक गाणं केलं.

नाट्यमय कॉन्सर्टमधला धोका प्रेक्षकांसमोरच्या आगीत आणि उड्यांत असतो असं लोकांना वाटतं. खरं तर त्या गोष्टींवर सगळ्यांचं लक्ष असतं. माणसं जखमी होतात ती प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर, थकलेली असताना, अर्धवट उजेडात, ‘दोन मिनिटांचं काम’ करताना. साधी कॉन्सर्ट आणि नाट्यमय कॉन्सर्ट यांच्यातला मोठा फरक हाच की दुसरीत सापळे, खड्डे, चढउतार, सरकते भाग असतात आणि ते रोज नव्या इमारतीत असतात. मी ज्या कामांवर असतो तिथे सामानाची शेवटची गाडी जाईपर्यंत सभागृहाचे दिवे मालवू देत नाही. लाइट बिलावरून व्यवस्थापक कुरकुर करतात, करू द्या. प्रत्येक कडेला, पायरीला रेडियमची पट्टी, वर चढणाऱ्याला बेल्ट, आणि शेवटची फेरी नेहमी दोघांनी मारायची. तुमच्या बजेटमध्ये एलईडी भिंत बसत नसेल तर चालेल. या गोष्टी मात्र बसवाच.

त्यानंतर केट बुश पुन्हा कधी दौऱ्यावर गेली नाही. कारणांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मी त्यात जाणार नाही. पण तिने उघडलेल्या वाटेने इतर गेले. मॅडोनाचा ‘ब्लाँड अँबिशन’ दौरा 13 एप्रिल 1990 ला जपानमधल्या चिबाच्या स्टेडियममध्ये सुरू झाला. विषयानुसार पाडलेले भाग, प्रत्येक भागाला स्वतंत्र नेपथ्य, ज्याँ पॉल गोतिए या फ्रेंच डिझायनरचे कपडे, डोक्यावरचा माइक आणि 57 प्रयोग. आजच्या टूरचा आराखडा बऱ्याच अंशी तिथूनच आला. तिथे नाटकाची उघड्या आभाळाशी गाठ पडली. जपानमध्ये पाऊस आणि थंडी इतकी होती की ठरवलेल्या कपड्यांवर जाकिटं चढवून, निसरड्या स्टेजवर प्रयोग करावे लागले. टोरांटोत पोलिसांनी अश्लीलतेवरून अटकेचा इशारा दिला, तिने काहीही बदललं नाही आणि प्रयोग झाला. इटलीत पोपनी बहिष्काराची हाक दिली आणि रोममधल्या दोनपैकी एक कार्यक्रम रद्द झाला. कॉन्सर्टमध्ये नुसती गाणी असती तर हे घडलं नसतं. प्रवेश, वेश, पलंग, क्रूस आले की लोक ते नाटक म्हणून वाचतात, आणि नाटकावर भांडतातही तसेच. तुमच्या प्रयोगात धर्माचं किंवा राजकारणाचं काही असेल तर संहिता आधीच नीट बघून, परवानगीची कागदपत्रं फायलीत लावून ठेवा.

2014 मध्ये केट बुश रंगमंचावर परतली. ‘बिफोर द डॉन’ या नावाने 22 रात्री, तेही 1979 चा दौरा जिथे संपला त्याच हॅमरस्मिथच्या नाट्यगृहात. मदतीला एड्रियन नोबल हा रॉयल शेक्सपिअर कंपनीचा माजी प्रमुख होता. नेपथ्य, बाहुल्या, चित्रफिती, प्रवेश, सगळं होतं. फक्त ट्रक नव्हते. प्रयोग जागचा हलला नाही, जगभरातून लोक तिकिटं काढून तिथे आले. तिने आधीच विनंती केली होती की फोनने चित्रीकरण करू नका, कारण तिला गर्दी प्रेक्षक म्हणून समोर हवी होती. माझ्या दृष्टीने नाट्यमय कॉन्सर्टचा हा सगळ्यात शहाणा प्रकार आहे. पैसा आणि ताकद गाड्या भरण्यात न जाता प्रयोगात जाते, आणि साउंडवाल्याला एकच सभागृह बावीस वेळा ऐकायला मिळतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, पहिले काही प्रयोग एकाच नाट्यगृहात करा, शक्यतो सलग. कोथरूड असो की बालगंधर्व, जिथे तारखा मिळतील तिथे. तिसऱ्या-चौथ्या प्रयोगानंतर कपडेबदलाच्या खऱ्या वेळा आणि माइकच्या खऱ्या अडचणी तुमच्या वहीत आलेल्या असतील. मग मुंबईची आणि नाशिकची जागा स्वतः जाऊन मोजा: स्टेजची खोली, विंगेची रुंदी, मागून एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायची वाट आहे की नाही, बॅटनवर किती वजन चालतं, आणि ट्रक मागच्या दरवाजापर्यंत येतो का. मापं हातात आली की सेटचं चित्र मला पाठवा, त्यावर आणखी बोलू.